करवंटीतला हिवाळा

बाविसाव्या वर्षी मला जेवढं कळत होतं, तेवढं पुढे कधीच कळलं नाही. परवा नात म्हणाली, "आजी, तू बालवर्ग चालवायचीस ना? मग लहान मुलांना कसं शिकवायचं ते सांग." मी म्हटलं, "कसं शिकवायचं ते विसरले. कसं शिकवू नये ते विचार, त्यात माझा हात धरणारं कोणी नाही." ती हसली. तिला वाटलं, म्हातारी विनय दाखवतेय. विनय आमच्या घराण्यात नाही, हे तिला अजून समजायचंय.

तर बाविसाव्या वर्षाची मी. पुण्यात बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम पुरा केलेला, लग्न करून डोंबिवलीत आलेली, आणि डोंबिवलीच्या सगळ्या मुलांचा उद्धार आपल्याच हातून व्हायचाय अशी खात्री बाळगून असलेली. डोंबिवली तेव्हा केवढीशी! स्टेशनपासून दहा मिनिटं चाललं की शेतं लागायची. आम्ही राहायचो त्या चाळीत आठ बिऱ्हाडं, मागे विहीर, पुढे लांबलचक ओटा. घरमालकीण मालवणकडच्या आजी. कपाळ कोरं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि आवाज असा की विहिरीवर बोलल्या तर चुलीवरच्या दुधानं उतू जायचं थांबावं. त्यांनी बालवर्गासाठी ओटा मला फुकट दिला, एका अटीवर. त्यांच्या पाच वर्षांच्या नातीला मी सांभाळायचं.

"शिकवायचं," मी दुरुस्ती केली.

"ताच ता," आजी म्हणाल्या.

त्या नातीमुळे हे सगळं घडलं. तिची आई दिवाळीच्या आधी बाळंतपणाला माहेरी, खाली कोकणात गेली होती, बोटीनं. बाळ झालं, बारसं झालं, मार्गशीर्ष उजाडला, तरी आई येईना. मुलगी रोज सकाळी फ्रॉक चढवून, केसांना पाणी लावून ओट्याच्या पायरीवर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "आई कधी येतली?" आजी म्हणायच्या, उद्या. वडील कामावर जाता जाता म्हणायचे, उद्या. शेजारच्या बायका डाळ निवडता निवडता म्हणायच्या, उद्या गं बाळ. त्या मुलीजवळ इतके उद्या जमले होते की तिनं त्यांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं. मग तिनं जेवण सोडलं. म्हणजे अगदी सोडलं नाही, पण पानातला भात चिवडायची आणि उठायची. वर्गात भिंतीकडे तोंड करून बसायची. आजी वरवर ओरडायच्या, पण मी पाहिलं होतं, तिच्या पानातलं उरलेलं दारावर येणाऱ्या गाईला घालायच्या आणि मग कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहायच्या.

मी ठरवलं, या मुलीला आशा शिकवायची.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, "आशा? त्याची फी किती घेणार?"

"अहो, चेष्टा नको. मुलांच्या मनात आशेचं बीज रोवायचं असतं. आमच्या बाई सांगायच्या."

"रोव, रोव. पाणी मात्र विहिरीवरून तुझं तू आण."

माझ्याजवळ शस्त्र होतं. पुण्याला अभ्यासक्रम संपल्यावर आमच्या एका बाईंनी मला बक्षीस म्हणून चित्रांचं पुस्तक दिलेलं. परदेशातलं, जाड पानांचं. भाषा कुठली ते त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नाही. पण सगळी चित्रं हिवाळ्याची होती. बर्फात बुडालेलं घर, काळं निष्पर्ण झाड, कुंपणावर कुडकुडणारा पक्षी. मग एका पानावर जमीन कापून दाखवलेली, वर बर्फ आणि खाली मातीत काहीतरी गोल गोल झोपलेलं. शेवटच्या पानावर त्यातून हिरवा कोंब आणि घरातून बाहेर पळत आलेली मुलं. मजकूर वाचता येत नसल्यामुळे माझी फार सोय झाली. लिहिणाऱ्याला जे म्हणायचं असेल ते असो, मला जे म्हणायचं होतं ते सगळं त्या पुस्तकात सापडलं.

पहिल्या दिवशी मी मुलांना बर्फ दाखवला. "हे पांढरं काय पडलंय, सांगा बरं?"

"रांगोळी सांडली," एकजण म्हणाला.

"नाही. हे आभाळातून पडतं. हळूहळू, कापसासारखं. घरावर, झाडावर, अंगणात..."

"हां, आमच्याकडे पण पडतं," दुसरी म्हणाली. "आई पापड घालते ना, तेव्हा पडतं. पण आमचं काळं असतं."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. ठाकुर्लीच्या बाजूनं वारा आला की तिथल्या वीजघराच्या धुराड्याची काजळी आमच्या दोरीवरच्या धुण्यावर आणि वाळवणावर उतरायची, ही गोष्ट खरीच होती. पुण्याच्या अभ्यासक्रमात काळ्या बर्फावर काही उत्तर नव्हतं. मी पान उलटलं.

पण मुलांना थंडी कळली पाहिजे, त्याशिवाय वसंत कसा कळणार, असं माझं शास्त्र. डिसेंबरातली डोंबिवलीची थंडी म्हणजे सकाळी एक स्वेटर आणि दहा वाजता तो कमरेला. मग मला युक्ती सुचली. ठाण्याच्या बाजारातून मासळी घेऊन एक कोळीण आजींकडे यायची. तिच्या टोपलीत भुशात गुंडाळलेला बर्फ असायचा. मी तिला गाठलं.

"बाय, मावरा नको नि बर्फ पायजे?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "डोक्याला लागलं का कुठं?"

तो तुकडा मी पंच्यात बांधून वर्गात आणला आणि मुलांच्या हातावर फिरवला. आमच्या पोरांनी आयुष्यातला पहिला बर्फ हातात घेतला, डोळे मिटले, आणि एकमतानं सांगितलं की बर्फाला बोंबलाचा वास येतो. पुढे कित्येक दिवस ते पुस्तक उघडलं की मागच्या रांगेतली मुलं नाक धरायची. पंचा नवऱ्याचा होता. त्या रात्री आमच्या घरात जी थंडी पसरली ती मात्र पुस्तकातल्यासारखी होती.

एवढ्या सगळ्यात ती मुलगी एकदाच वळली. जमिनीखाली झोपलेल्या त्या गोल वस्तूच्या चित्राकडे. हळूच पुढे सरकली आणि बोट ठेवून म्हणाली, "ह्या काय?"

"हे बी आहे," मी आवाज मऊ करून म्हटलं. तो आवाज मी पुण्याहून आणला होता. "बाहेर थंडी आहे, म्हणून ते झोपलंय. सगळ्यांना वाटतं ते गेलं. पण ते गेलेलं नसतं."

दारात आजी नारळ सोलत उभ्या होत्या. त्यांनी चित्राकडे वाकून पाहिलं. "बी खंयचा? हो कांदो मगे."

"बी आहे ते, आजी."

"कांदो," आजी ठामपणे म्हणाल्या आणि आत गेल्या. (तो कांदाच होता. तिकडे फुलझाडांचे कांदे थंडीच्या आधी मातीत पुरतात, हे मला वीस वर्षांनी कळलं. तेव्हा आजी हव्या होत्या.)

मुलीनं विचारलं, "मग ता उठतला कधी?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण समोर इतक्या दिवसांनी वळलेला तो चेहरा, आणि मी बावीस वर्षांची. मी म्हणाले, "आपण बी पेरू. तू रोज पाणी घाल. ज्या दिवशी त्याला कोंब येईल, त्या दिवशी तुझी आई येईल."

शपथेवर सांगते, हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मलाच इतकं आवडलं की मी ते पुन्हा एकदा म्हटलं.

आता बी हवं होतं. आजींच्या मागल्या अंगणात चटयांवर भात वाळत होतं, सालासकट, सोनेरी. रेशनचे दिवस, त्यात गावाहून आलेलं ते पोतं आजी डोळ्यांत तेल घालून राखायच्या. त्यामुळे मागायची माझी छाती झाली नाही. त्या विहिरीवर गेल्याचं पाहून मी मूठभर उचललं. दाणे हातात घेऊन पाहिले तर कित्येकांचं टरफल टोकाला किंचित फुटलेलं. मला भरून आलं. बघा, म्हटलं, जीव कसा बाहेर यायला उतावीळ झालाय!

आदल्या दोन पहाटे मागच्या चुलीवर मोठ्या तांब्याच्या हंड्यात काहीतरी रटरटताना मी पाहिलं होतं. मला वाटलं, आजी कपडे भट्टीला लावतायत.

करवंट्यांना त्या घरात तोटा नव्हता. प्रत्येक मुलाला एक करवंटी, विहिरीकडची काळी माती आणि चारचार दाणे. करवंट्या ओट्याच्या कडेला ओळीनं मांडल्या. आणि काय सांगू, औषध लागू पडलं! मुलगी पायरीवर बसायची थांबली. सकाळी उठली की थेट करवंटीशी. पेल्यातून थेंब थेंब पाणी घालायची, वाकून बघायची, झाकून ठेवायची. येणाऱ्याजाणाऱ्याला 'आई कधी येतली' विचारणं बंद झालं. दुपारी पानातला भात संपू लागला. आजींनी एकदा मला ताटलीभर घावणे आणून दिले. मी नवऱ्याला म्हटलं, "पाहिलंत? याला म्हणतात बालमानसशास्त्र."

"पाहिलं," तो म्हणाला. "घावणे छान झालेत."

आठवडा गेला. कोंब नाही. मी मुलांना सांगितलं, हिवाळा आहे, बी गाढ झोपलंय. दुसरा आठवडा गेला. बाकीच्या मुलांचा उत्साह संपला. एकानं आपल्या करवंटीत गोट्या ठेवल्या, दुसऱ्यानं गोगलगाय. ती एकटी पाणी घालत राहिली. आणि रोज सकाळी करवंटीवरून मान उचलून आधी माझ्याकडे बघायची. त्या बघण्यानं माझी झोप उडाली. मी अंधार असतानाच उठून तिच्या करवंटीतली माती बोटानं उकरून बघायला लागले, की खाली काही हालचाल आहे का. पुन्हा नीट थापून ठेवायचे.

असंच एकदा माती उकरताना मागून आवाज आला, "काय गो, मांजर झालंस काय?"

आजी कंदील घेऊन उभ्या. मी गडबडून भात उचलल्याचं, पेरल्याचं सांगितलं. आजींनी करवंटीतला एक दाणा उचलला, नखानं सोलला, कंदिलाजवळ धरला. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझं प्रमाणपत्र परत करावंसं वाटलं.

"अगो, ह्या भात उकडलेला आसा! उकड्या तांदळासाठी. तेका कोंब खंयसून येतलो? पुण्यात ह्याच शिकलंस?"

मला हसू आलं, खरंच आलं. आजीही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळे पुसत. मग एकदम थांबल्या. "पण माज्या नातीक काय सांगलंस तू?"

मी सांगितलं. कोंब येईल त्या दिवशी आई येईल.

आजी खाली ओट्यावर बसल्या. कंदील बाजूला ठेवला. "सुनेक ताप येता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. तो आवाजही त्यांना होता, हे मला माहीत नव्हतं. "बाळ बरा आसा. तिचो ताप हटणा नाय. कधी येतली, माका म्हायत नाय. म्हणान मी उद्या म्हणतंय. दुसरा काय म्हणू?"

शहाण्या बाईनं त्याच क्षणी मुलीला उठवून खरं सांगितलं असतं. मी काय केलं? रविवारच्या बिरड्यासाठी मी वाल भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले होते. त्यातले चार चांगले लांब मोडाचे निवडले आणि तिच्या करवंटीत खोचले. छोटी, पांढरी, वळलेली शेपटी मातीबाहेर काढून ठेवली. लांबून बघितलं. सुंदर दिसत होतं.

सकाळी मुलं जमली. मुलगी करवंटीशी बसली आणि बसूनच राहिली. बाकीचे धावले.

"बाई, भातातून वाल आला!"

"वेडा, वाल लावला की वाल येतो. भात लावला की भात."

"मग हा कसा आला?"

"बाईंनी जादू केली."

मुलीनं एक मोड उपटला. खालचा वाल हातात घेतला, फिरवून पाहिला. आमच्याकडची पोरं बिरडं सोलायला आईजवळ बसतात, त्यांना वाल ओळखायला शाळा लागत नाही. ती रडली नाही. अगदी नीट विचारात पडून तिनं मला विचारलं, "बाई, भाताक कोंब इलो तर माझी आई येतली. मग वालाक इलो तर कोणाची येतली?"

मागचा मुलगा म्हणाला, "वालाची आई."

सगळी पोरं हसली. माझी पुण्याची सगळी पुस्तकं, तो मऊ आवाज, काही म्हणजे काही उपयोगी पडलं नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि सांगितलं, की हे मोड मी खोचले. की मी पेरलेलं भात उकडलेलं होतं, मला ते ओळखता आलं नाही, ते कधीच उगवणार नव्हतं. आणि कोंबाचा आणि आईच्या येण्याचा काही संबंध नाही, तेही मीच जोडलं.

"मग आई कधी येतली?"

"मला माहीत नाही गं."

"आजीक म्हायत आसा?"

"नाही. आईला ताप आहे. बरं वाटलं की येईल. पण कधी, ते आजीलाही माहीत नाही. तीही वाट बघतेय. तुझ्यासारखीच."

मुलगी उठून आत गेली. आता ही पुन्हा पायरीवर बसणार, जेवण सोडणार, आणि आजी मला ओट्यासकट उचलून विहिरीत टाकणार. मी कान देऊन ऐकत होते. आत चुलीशी तिचा आवाज, "आजये, तुका पण म्हायत नाय?"

भांड्यांचा आवाज थांबला. मग आजी म्हणाल्या, "नाय गो, चेडवा. माका पण म्हायत नाय."

आणि भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

थोड्या वेळानं मुलगी बाहेर आली. मुठीत भात होतं. पोत्याच्या तळाशी उकडायचं राहिलेलं थोडं होतं, ते आजींनी दिलं होतं. मुलीनं ते माझ्यासमोर धरलं. "ह्या उकडलेला नाय. मी दातान बघलंय. आजयेनं पण बघलान."

मीही एक दाणा दाताखाली धरून पाहिला. आमच्या वर्गातली ती सगळ्यात शास्त्रशुद्ध तपासणी.

आजींनी या वेळी काही माझ्यावर सोडलं नाही. भात कोमट पाण्यात भिजवून, फडक्यात बांधून चुलीजवळ ठेवलं, मग करवंटीत. मी पाणी घालायला हात लावला तर मुलगी म्हणाली, "तुम्ही नको, बाई."

कोंब आले. हिरवे, सुईसारखे, ताठ. सगळा वर्ग ओरडत धावला. आई आली नाही.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती करवंटी घेऊन उन्हात गेली, कोंब बोटानं मोजले आणि म्हणाली, "आता आई येईसर ह्या वाढवूचा. तिका दाखवूक."

जेवत होती. मधूनच चिवडायची, मधूनच दोनदा मागायची. कधी पायरीवर बसायची, पण करवंटी मांडीवर घेऊन. कोणी सवयीनं 'उद्या येईल हां' म्हटलं तर त्यांना सांगायची, "तुमका म्हायत नाय." बायका चपापायच्या. त्या पुस्तकातलं शेवटचं पान मुलांना दाखवायचं राहूनच गेलं, कारण कोणी मागितलंच नाही. करवंटीतली पाती टीचभर झाली, मग वीतभर, मग बिचारी पिवळी पडून एका बाजूला झुकली. करवंटीत ती किती तग धरणार? मुलीनं त्यांना खराट्याची काडी लावून फ्रॉकच्या नाडीनं बांधलं.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी टांगा चाळीपुढे थांबला. आधी बोचकं उतरलं, मग तान्हं, मग फिकुटलेली, हडकलेली तिची आई. आजी दारात आल्या आणि त्यांनी तान्हं आपल्या हातात घेतलं. सगळी चाळ ओट्यावर. मीही. माझं मनातल्या मनात भाषण तयार होतं, की बाळांनो, पाहा, हिवाळा संपतोच. दोन-तीन वाक्यं तर फारच सुरेख होती.

मुलगी आईकडे धावलीच नाही. उलटी फिरून आत पळाली. आई तिथेच थबकली, तिचा चेहरा पडला. तेवढ्यात ती बाहेर आली, दोन्ही हातांत करवंटी, पाणी सांडू नये म्हणून पाऊल मोजत. आईसमोर उभी राहिली आणि ती काडीला बांधलेली पिवळी पाती उंच धरली.

"ह्या काय गो?" आईनं विचारलं.

"भात. तुझ्यासाठी लायलंय," मुलगी म्हणाली. मग एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि आईला बजावलं, "पण खाव नको हां. उकडलेला नाय."